जून नसलेलं दुकान

"सॉरी, वी डोन्ट कीप टेक्स्टबुक्स."

हे वाक्य मला पाठ करायला लावलं होतं. 2006 सालचा जून. बाहेर नाशिकच्या कॉलेज रोडवर पहिला पाऊस, आणि आत एसी इतका की पहिल्या दिवशी मी ओढणी मफलरसारखी गळ्याभोवती गुंडाळून उभी होते. मुंबईहून आलेल्या ट्रेनर बाईंनी आम्हा अकरा जणांना ओळीत उभं करून सांगितलं, हे वाक्य हसत म्हणायचं आणि गिऱ्हाईक वळायच्या आत विचारायचं, "मे आय शो यू समथिंग एल्स?" सातपूरहून पहिली पाळी संपवून, सायकल दारात लावून दहावीचं गाईड मागायला आलेल्या माणसाला मी दुसरं काय दाखवणार होते? आमच्याकडे सुगंधी मेणबत्त्या होत्या. त्या?

तिसऱ्या दिवसापासून मी ते वाक्य म्हणायचे आणि मग आवाज खाली आणून मराठीत जोडायचे, "रविवार कारंजावर जा, यशवंत मंडईच्या मागच्या गल्लीत. कॉलेज रोडच्या मुलीनं पाठवलंय म्हणून सांगा." त्या गल्लीत माझ्या मामांचं दुकान होतं. अजून आहे.

आमचं कॉलेज रोडचं दुकान मात्र जाऊन आता बारा-तेरा वर्षं झाली. देशभर शाखा असलेली ती कंपनी. नाव सांगत नाही, कारण मी लिहितेय ते तिच्याच बाबतीत खरं होतं असं नाही. खाली पुस्तकं आणि खेळणी, वर गाणी आणि सिनेमे. मी वर होते. पगार 4500, महिन्याला एक टी-शर्ट आणि खरेदीवर सवलत. बीए मराठी झालेल्या मुलीला 2006 साली नाशकात याहून बरी नोकरी कोण देणार होतं!

त्या दुकानाचं जे चांगलं होतं ते आधी सांगते, कारण नंतर मी वाईटच बोलणार आहे. मामांच्या दुकानात काउंटर आहे. पुस्तकं काउंटरच्या आत, गिऱ्हाईक बाहेर. तुम्ही नाव सांगायचं, मग पोरगा शिडीवर चढून पुस्तक काढणार, धूळ फुंकणार, काउंटरवर आपटणार. नाव ठाऊक नसेल तर पुस्तक मिळत नाही. 1840 पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयातसुद्धा मी लहानपणी चिठ्ठीवर नाव लिहून खिडकीतूनच पुस्तक घेतलंय. आमच्या दुकानात मात्र ज्याचं नाव माहीत नाही असं पुस्तक तुम्हाला सापडू शकायचं. कुणी हटकायचं नाही. एचपीटी आणि बीवायके कॉलेजांची पोरं दुपारभर फरशीवर मांडी घालून बसलेली असत. त्यातला एक तर रोज वाचायचा आणि निघताना पुस्तक पाककृतींच्या कप्प्यात मागच्या बाजूला लपवून ठेवायचा. आपलं संपायच्या आत कुणी विकत घेऊ नये म्हणून. स्टॉक मोजताना ते आम्हाला सापडायचं. लोणच्यांच्या मागे जाडजूड गुप्तहेरकथा. आम्ही यादीत त्यावर टिक करून ते परत लोणच्यांमागे ठेवून द्यायचो.

वरच्या मजल्यावर एका रॅकला हेडफोनचे आकडे होते. लोखंडी, वाकवलेले, काळा रंग दिलेले सहा आकडे आणि प्रत्येकावर एक हेडफोन. नवी सीडी ऐकून बघायची सोय. जोडपी यायची आणि एकच हेडफोन दोघांत मिळून कानाला लावायची. सीडी शंभरातल्या पाचांनीही घेतली नसेल.

गाण्यांचा धंदा मी चढताना पाहिलाच नाही, उतरतानाच पाहिला. माझ्या लहानपणी मेन रोडला एक खोपटं होतं, तिथे कॅसेट भरून द्यायचे. वहीच्या पानावर गाण्यांची यादी, सोबत कोरी साठची किंवा नव्वदची कॅसेट. चार दिवसांनी भरून मिळायची. ए बाजूला बाबांची नाट्यगीतं, बी बाजूला आमची गाणी, आणि शेवटी जागा उरली तर तो माणूस स्वतःच्या पसंतीचं एखादं गाणं फुकट टाकायचा. ते कायद्यात बसत नव्हतं हे मला नोकरीत आल्यावर कळलं, कारण आमच्या दुकानात भिंतीवर पायरसीविरुद्ध मोठं पोस्टर होतं. आमच्याकडे गाणी भरून मिळत नसत. कंपनीनं भरलेली सीडी जशीच्या तशी घ्यायची. दोन गाणी हवीत तर आठ घ्या.

मग 2007 च्या सुमारास मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीनं सिनेमाची व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना काढली. आम्हाला वाटलं, आता शालिमारच्या फुटपाथवरच्या चोरट्या डिस्क गेल्या! गर्दी खरंच झाली. लोक टोपलीत भाजीसारखे सिनेमे घालून न्यायचे. पण 34 रुपयांच्या डब्यात दुकानाला सुटणार काय? त्याच कप्प्यात पूर्वी जो सिनेमा दोन-तीनशेला जायचा, त्यानं कप्प्याचं भाडं दिलं होतं. आता कप्पा भरलेला, गल्ला हलका. (ती मोझर बेअर कंपनीही 2018 साली दिवाळखोरीच्या कोर्टातून अवसायनात गेली. म्हणजे चोरांना स्वस्ताईनं हरवायला निघालेलाही टिकला नाही.)

आणि त्याच सुमारास रस्त्यावरच्या प्रत्येक मोबाइलच्या टपरीवर पाटी लागली: 'मेमरी कार्ड भरून मिळेल'. भरून मिळेल! मी स्कूटीवरून जाताना ती पाटी वाचली तेव्हा मला मेन रोडचं खोपटं आठवून हसू आलं. लोकांना कधी सीडी नकोच होती. त्यांना आपल्या यादीची गाणी भरून हवी होती. मधली दहा-बारा वर्षं त्यांनी आमचं ऐकून घेतलं, एवढंच.

मामा आमच्या दुकानात एकदाच आले. 2007 ची दिवाळी झाल्यावर, म्हणजे त्यांना सवड असते तेव्हा. पांढरा सदरा, काखेत छत्रीही होती, पाऊस नसताना. मी त्यांना सगळं फिरवून दाखवलं. त्यांनी पुस्तकांना हात लावला नाही, रॅकला लावला. बोटानं कडा चाचपली, हलवून बघितली.

"प्लाय नाही, लोखंडाय. चांगलंय," म्हणाले. मग, "भाडं किती गं?"

"दीड लाख म्हणतात, मामा. मला नक्की नाही माहीत."

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि आमच्याच सवलतीच्या पत्रकाच्या पाठीवर आकडेमोड केली. दीड लाख म्हणजे दिवसाचे 5000. एका पुस्तकामागं सत्तरेक रुपये सुटतात धरू. म्हणजे रोज सत्तरेक पुस्तकं खपली की भाडं निघालं. पुढे वीज. हा एसी. तुम्ही अकरा जण. वरचा साहेब. तो दारावरचा वॉचमन.

"मंगळवारी दुपारी किती पुस्तकं जातात?"

मी खोटं बोलले. म्हटलं, पन्नास-साठ. खरा आकडा त्याच्या निम्माही नव्हता.

"आणि जूनमध्ये?"

"जूनमध्ये काय? तसंच."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं कुणी सांगावं की आमच्या शेतात पावसाळा नसतो.

पुस्तकाचं दुकान म्हणजे मामांच्या लेखी जून महिना. त्यांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, मामींच्या पाटल्यांनी. पाटल्या बँकेत जातात, त्यावर पैसे उचलून गाईडं, वह्या, नकाशे, कंपासपेट्या भरतात. बालभारतीच्या पुस्तकांत कमिशन तुटपुंजं, पण ती ठेवावीच लागतात. त्यांच्याबरोबर वह्या आणि गाईडं जातात आणि खरं काय ते त्यात सुटतं. मे महिन्यातल्या लग्नांत मामी मोकळ्या मनगटांनी फिरतात, हे आमच्या अख्ख्या नात्यात ठाऊक आहे. कुणी विचारत नाही. 10 जून ते 10 जुलै दुकानात पाय ठेवायला जागा नसते, मामा उभ्यानं जेवतात, आणि आषाढात पाटल्या परत येतात. उरलेले अकरा महिने दुकान त्या एका महिन्यावर बसून खातं.

पण मामांना त्या महिन्याची लाज वाटते. त्यांच्या दुकानात समोरासमोर दोन भिंती आहेत. उजवीकडे गाईडं, प्रश्नसंच, वर्कबुकं. डावीकडे कविता, कादंबऱ्या, नाटकं, चरित्रं, दिवाळीत अंक. नवा माणूस आला की मामा त्याला डाव्या भिंतीकडे उभं करतात, त्याची पाठ उजव्या भिंतीकडे होईल असं. तरुणपणी ते वसंत व्याख्यानमालेला गोदाघाटावर सतरंजीवर पहिल्या रांगेत बसायचे. त्यांना पुस्तकांचं दुकान काढायचं होतं, गाईडांचं नाही. मी एकदा विचारलं तेव्हा डावीकडे बोट दाखवून म्हणाले, "हिला ती पोसते. पण सुनेला सांगायचं नाही." मामांना मुलगाच नाही, तेव्हा सून कोण हे मी विचारलं नाही.

आमच्या दुकानालाही गाईडांची लाज होती, फक्त त्यांनी ती गाईडं बाहेरच ठेवली. म्हणून ते वाक्य पाठ करून घेतलं.

फेब्रुवारीचा किस्सा सांगायलाच हवा. आमच्याकडे मुंबईहून दर महिन्याला एक तक्ता यायचा. कुठल्या टेबलावर कुठलं पुस्तक, तोंड कुठल्या दिशेला, किती प्रतींचा ढीग, सगळं आखलेलं. फेब्रुवारीत अर्थातच व्हॅलेंटाइन: लाल हृदयं, अस्वलं, प्रेमाच्या कोट्सची चिमुकली पुस्तकं. 14 तारीख गेली की माल उठायला पाहिजे. पण तक्ता 29 तारखेपर्यंतचा होता, आणि 2008 हे लीप वर्ष. 27 फेब्रुवारीला सकाळी एक बाई आल्या, साठीच्या, शिक्षिका असाव्यात. तात्यासाहेबांचा, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणून नातीला 'विशाखा' घेऊन द्यायची होती. कुसुमाग्रज राहायचे ते टिळकवाडीतलं घर आमच्या दुकानापासून चालत जाण्याजोगं. त्या दिवशी अख्खा महाराष्ट्र मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो तो याच गावातल्या या माणसामुळे. आणि आमच्या दारातल्या टेबलावर अस्वलं.

'विशाखा'ची एक प्रत होती. मराठीचा कप्पा तळमजल्यावर अगदी मागे, स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात होता, आणि त्यातही सगळ्यात खालच्या फळीवर. मी गुडघे टेकून ती काढली. बाई गेल्यावर मी अस्वलं उचलून आत ठेवली आणि सापडतील तेवढी कुसुमाग्रजांची पुस्तकं टेबलावर मांडली. नऊ झाली. दुपारी आमच्या मॅनेजरनं, बिचारा जळगावचा होता आणि त्याला कविता आवडायच्या, माझ्यापुढे हात जोडले. टेबलाचा फोटो रोज संध्याकाळी मुंबईला पाठवावा लागायचा. साडेपाचला अस्वलं परत आली. तोवर नऊपैकी सहा पुस्तकं गेली होती. टेबलावरच्या जागेचे प्रकाशक पैसे देतात, हे त्यानं मला तेव्हा समजावून सांगितलं. गिऱ्हाइकानं काय घ्यावं ते ठरवायला गिऱ्हाइकाच्या आधीच कुणीतरी पैसे मोजलेले असतात.

पुढे अमेरिकेतल्या बार्न्स अँड नोबल या साखळीबद्दल वाचताना मला ते टेबल आठवलं. 2019 मध्ये ती साखळी विकली गेली आणि जेम्स डाँट नावाच्या इंग्लिश पुस्तकविक्रेत्याकडे आली. त्यानं आधी इंग्लंडमधली वॉटरस्टोन्स सावरली होती. त्याचं औषध अगदी साधं होतं: टेबलाचे पैसे प्रकाशकांकडून घेणं बंद आणि कुठलं पुस्तक पुढे मांडायचं ते त्या-त्या गावच्या दुकानानं ठरवायचं. म्हणजे अस्वलं उचलायची परवानगी. एवढंच. त्यावर बुडती साखळी तरली आणि नवी दुकानंही उघडली.

बाकीच्यांच्या मरणाच्या बातम्या मला उशिरा कळल्या. ज्या वर्षी मी नोकरीला लागले त्याच वर्षी, 2006 मध्ये, अमेरिकेत टॉवर रेकॉर्ड्स या गाण्यांच्या दुकानांच्या साखळीचं दिवाळं निघून दुकानं बंद पडली. ट्रेनर बाईंनी हे काही सांगितलं नव्हतं! 2011 मध्ये बॉर्डर्स ही पुस्तकांची अवाढव्य साखळी बंद पडली. या बॉर्डर्सनं 2001 साली आपली इंटरनेटवरची विक्री चालवायला अॅमेझॉनकडे देऊन टाकली होती. आपला गल्ला सांभाळायला समोरच्या दुकानदाराला बसवण्यातला प्रकार. आणि एचएमव्ही. आपल्याकडे एचएमव्ही म्हणजे कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा, रेकॉर्डवरचा. पण लंडनमध्ये त्याच नावाचं दुकान 1921 पासून ऑक्सफर्ड स्ट्रीटवर होतं आणि त्याची पुढे साखळी झाली. ती 2013 च्या जानेवारीत दिवाळं निघून प्रशासकाच्या ताब्यात गेली.

त्याच जानेवारीत आमचं दुकान बंद झालं.

एकदम झालं नाही. फळीफळीनं झालं. आधी इंग्रजी गाण्यांच्या फळ्या गेल्या, मग शास्त्रीय, मग वरचा अर्धा मजला. तिथे दप्तरं आली. मग पाण्याच्या बाटल्या, डबे, रंगपेट्या. म्हणजे जून आणायचा प्रयत्न चालू होता, पण गाईड तेवढं नको. आई-बाप दप्तर बघायचे, किंमत बघायचे आणि मला विचारायचे, "पुस्तकं पण मिळतील का सगळी? एकाच ठिकाणी झालं असतं." मी पाठ केलेलं वाक्य म्हणायचे.

खालच्या मजल्यावर लोक आता पुस्तकाच्या पाठीचा फोटो काढायला लागले होते. फ्लिपकार्ट 2007 मध्ये बंगळुरात पुस्तकांवरच सुरू झालं होतं, आणि घरी आल्यावर रोख पैसे द्यायची सोय झाल्यावर नाशिकसारख्या गावांतली माणसंही धीट झाली. एका गृहस्थांनी मला चष्मा विसरलो म्हणून मागच्या कव्हरावरचा, पुस्तकाच्या ओळखीचा नंबर वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला, तेरा आकडे. त्यांनी लिहून घेतला, थँक्यू म्हणाले, गेले.

आणि मी काय फार वेगळी होते? 2012 च्या पावसाळ्यात मी स्वतः एक पुस्तक ऑनलाइन मागवलं. सवलत कर्मचाऱ्यांच्या सवलतीहून जास्त होती. दिवसा घरी कुणी नसायचं, म्हणून पत्ता दुकानाचा दिला. कुरिअरचा पोरगा ओला होऊन आत आला, पुस्तकांच्या टेबलांमधून वाट काढत माझ्यापर्यंत पोचला आणि पुठ्ठ्याचं पाकीट माझ्या हातात दिलं. शेजारी मॅनेजर उभा होता. सुटे नव्हते माझ्याकडे. पन्नासची नोट त्यानंच दिली. काही बोलला नाही. मी ती नोट संध्याकाळी परत केली, पण त्याच्याकडे बघून नाही.

शेवटचे पंधरा दिवस मोठा सेल. आधी 30 टक्के, मग 50, मग 70. इतकी माणसं त्या दुकानात पूर्वी कधीच आली नव्हती. लोक हळहळत होते, "अरेरे, चांगलं दुकान होतं," आणि दोन्ही हातांनी उचलत होते. पाककृतींचा कप्पा रिकामा करताना मी मागे हात घालून पाहिलं. काही नव्हतं.

प्रकाशकांचा जांगड माल, म्हणजे न खपल्यास परत करायच्या बोलीवर आलेला, खोक्यांतून परत गेला. शेवटी राहिलं फर्निचर. मॅनेजरनं विचारलं, कुणाला रॅक हवेत का, भंगारवाला किलोनं नेणार आहे. मी मामांना फोन केला. ते तासाभरात छोटा हत्ती टेम्पो घेऊन आले, आणि वर जाऊन थेट त्या हेडफोनच्या रॅकपाशी उभे राहिले. 2007 साली चाचपलेली कडा त्यांनी परत चाचपली. 1800 रुपयांना सौदा झाला. मामा 1500 म्हणत होते.

त्यानंतर गाण्याबजावण्याच्या, पुस्तकांच्या दुकानांच्या बातम्या येतच राहिल्या. 2016 च्या फेब्रुवारीअखेर मुंबईचं ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांचं दुकान, 2018 च्या फेब्रुवारीत तिथलंच स्ट्रँड हे पुस्तकांचं. दोन्ही साखळ्या नव्हत्या, माणसांची दुकानं होती. तेव्हा 'साखळ्या मेल्या, छोटे जगले' अशी सरळ गोष्ट मला सांगता येत नाही. एचएमव्ही तर 2018 अखेर दुसऱ्यांदा बुडून, नव्या मालकाकडे जाऊन, 2023 च्या नोव्हेंबरात ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या त्याच जागी परत उघडलं. मोठ्या रेकॉर्ड्स, टी-शर्ट, बाहुल्या विकतात म्हणे. म्हणजे अस्वलंही कुणाला तरी तारतात.

मामांचा जूनही आता पूर्वीचा नाही. इंग्रजी शाळा पुस्तकांचा सगळा संच शाळेतच देतात, वह्यांच्या कव्हरासकट. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तकं फुकट. 2020 चा जून तर आलाच नाही. त्या वर्षी ठेवलेल्या पाटल्या बँकेतून सोडवायला दोन वर्षं लागली. 2023 मध्ये बालभारतीच्या पुस्तकांतच वहीची कोरी पानं बांधून आली तेव्हा मामांनी मला ते पुस्तक उघडून दाखवलं आणि म्हणाले, "बघ, आता वहीपण गेली." पुढे सरकारनं ती पानं मागे घेतली. त्या दिवशी मामांनी पेढे आणले होते, गुपचूप, कुणाला कारण न सांगता.

मी हल्ली दर जूनला पंधरा दिवस सुट्टी काढून त्यांच्या काउंटरला उभी राहते. मामा पंच्याहत्तरीचे झाले, पोरगा शिडीवरून यादी ओरडतो ती त्यांना ऐकू येत नाही. या वर्षी एक बाई आल्या, पाचवीतला मुलगा बरोबर. सगळी यादी झाली, वह्या, गाईड, नकाशा, आणि मुलगा रॅककडे बोट दाखवायला लागला. तो कॉलेज रोडचा रॅक उजव्या भिंतीला लावलाय. वरच्या पट्टीवर 'इंटरनॅशनल' हे इंग्रजी अक्षरांतलं स्टिकर अर्धवट निघालंय, त्याखाली दहावीची गाईडं. आणि हेडफोनच्या सहा आकड्यांवर मामांनी पाण्याच्या बाटल्या लटकवल्यात, पट्ट्याच्या.

"ती निळी," मुलगा म्हणाला.

मी आकड्यावरून पट्टा सोडवायला गेले तर तो अडकला. वरून दाबून, थोडं डावीकडे सरकवून काढावा लागतो. हाताला आठवत होतं.